व्हॉल्व्ह तापेपर्यंत

आधी वास आला. तापलेली धूळ, जुनं मेण आणि करपलेला कागद यांचा मिळून एक वास. मग ‘फट्’ असा बारीकसा आवाज झाला आणि पुढच्या पट्टीवरचा लाल मण्यासारखा दिवा विझला. पुण्यात मित्राच्या घरी बसलो होतो. त्याचा गिटारचा अ‍ॅम्प सुरू करायची हौस मला, आणि अ‍ॅडॉप्टर लावून त्याची वायर मी थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसली. अमेरिकेतल्या १२० व्होल्टवर आयुष्य काढलेल्या यंत्राला एका क्षणात २३० व्होल्ट मिळाले. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर टेबलाखालीच होता, माझ्या पायाला लागत होता.

मित्र काही बोलला नाही. न्यू जर्सीतली वीस वर्षांची नोकरी आटोपून परत येताना त्यानं गाडी, सोफा, फ्रिज सगळं तिथेच विकून टाकलं होतं. हा जड खोका मात्र ब्लँकेटात गुंडाळून, दुहेरी पेटीत घालून आणला होता. फेंडर कंपनीचा ‘डिलक्स रिव्हर्ब’. आतल्या बाजूला चिकटवलेल्या पिवळ्या पडलेल्या कागदावर ‘पी ई’ अशी दोन अक्षरं शिक्क्यानं उमटवलेली आहेत. फेंडरच्या हिशेबात पहिलं अक्षर वर्षाचं आणि दुसरं महिन्याचं. १९५१ला ‘ए’ धरून मोजत आलं की ‘पी’ म्हणजे १९६६, आणि ‘ई’ म्हणजे मे महिना.

त्या संध्याकाळनंतरचे चार महिने मी या एका अ‍ॅम्पच्या मागे होतो. सुरुवात अपराधीपणातून झाली. पण जसजसा तो उघडत गेला तसतसा एक प्रश्न मनात घट्ट होत गेला. जुने अ‍ॅम्प आज मौल्यवान वस्तूंसारखे जपले जातात. त्यांच्याच नावाच्या, त्यांच्याच रूपाच्या नव्या आवृत्त्या कंपन्या काढतात आणि त्या जगभर खपतात. या जुन्यातून नव्यात नेमकं काय यायला हवं?

गिरगावातलं टेबल

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर तीन दुकानांत विचारलं. तिन्हीकडे उत्तर एकच: व्हॉल्व्हचं काम आता कोणी करत नाही, नवीन घ्या. चौथ्या दुकानदारानं चिठ्ठीवर गिरगावातल्या एका चाळीचा पत्ता लिहून दिला. दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या टोकाच्या खोलीत, खिडकीला लागून एक लाकडी टेबल होतं. त्यावर सोल्डरिंग आयर्न, काटा असलेला जुना मीटर आणि पाठ उघडलेला एक मर्फी रेडिओ. टेबलापाशी बसलेल्या काकांचं वय अठ्ठ्याहत्तर. ठाण्याच्या कारखान्यातून आलेले मर्फी, फिलिप्सचे सेट, मग गणेशोत्सवातले कर्णे, मग ऑर्केस्ट्रांचे अ‍ॅम्प, असा त्यांचा हात फिरत आलेला.

“थेट कोणी लावला?” त्यांनी विचारलं.

“मीच, काका.”

“बरं झालं खरं सांगितलंस. लोक ‘आपोआप गेला’ म्हणतात, मग शोधण्यात दोन दिवस जातात.”

चार बोल्ट काढून त्यांनी आतला पत्र्याचा सांगाडा बाहेर घेतला आणि उलटा ठेवला. हात लावण्याआधी एक रोधक लावून कंडेन्सरमध्ये साठलेली वीज उतरवली. या यंत्रात ४०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि वायर काढल्यावरही तो काही काळ आत दबा धरून राहतो. काम करताना त्यांचा डावा हात खिशात होता. “दोन्ही हात आत घातले तर करंट छातीतून जातो,” ते म्हणाले. साठ वर्षं ही सवय त्यांनी मोडलेली नाही.

मग त्यांनी मला जवळ बोलावलं. काळ्या, मेणवलेल्या फायबरच्या पट्टीवर पितळी भोकं ओळीनं होती. प्रत्येक भोकात एखाद्या भागाचं टोक खोवून डाग दिलेला. निळे, बोटाच्या पेराएवढे कंडेन्सर. तपकिरी रोधकांवर रंगांचे पट्टे. सुती कापडानं मढवलेल्या पिवळ्या, तपकिरी, पांढऱ्या वायरी. कुठली वायर कुठून निघते आणि कुठे जाते ते डोळ्यांनी वाचता येत होतं. कुठलाही भाग काढायचा तर शेजारच्याला धक्का लागत नव्हता.

“हे रेडिओवाल्यानं केलंय,” काका म्हणाले. लिओ फेंडर हे नाव त्यांनी तोवर ऐकलेलं नव्हतं.

फुलर्टनचा दुरुस्तीवाला

काकांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. लिओ फेंडर यांचा जन्म १९०९चा, कॅलिफोर्नियातला. शिक्षण हिशेबनिसाचं. मंदीच्या काळात नोकरी गेली, तेव्हा १९३८मध्ये सहाशे डॉलर कर्ज काढून त्यांनी फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. गावातले वादक आपापले बिघडलेले अ‍ॅम्प घेऊन येत. कुठला भाग आधी जातो, कुठला डाग सुटतो, कुठे हात पोचत नाही, हे ते दुसऱ्यांची यंत्रं उघडून शिकले. १९४५मध्ये डॉक कॉफमन यांच्याबरोबर आणि १९४६पासून स्वतःच्या नावानं ते अ‍ॅम्प बनवू लागले. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. वादक काय म्हणतात ते ऐकायचं, यंत्र त्यांच्याबरोबर रात्रीच्या कार्यक्रमाला पाठवायचं आणि ते कसं परत येतं ते बघायचं, ही त्यांची पद्धत.

म्हणून त्यांचे अ‍ॅम्प दुरुस्तीवाल्याच्या सोयीचे झाले. कुठल्या खाचेत कुठला व्हॉल्व्ह बसतो ते सांगणारा कागद आतच चिकटवलेला. गिऱ्हाइकाला विजेच्या जोडणीचा पूर्ण नकाशाही मिळे. आज फार थोड्या कंपन्या असा नकाशा सहजासहजी देतात. त्यांच्याकडे तो खोक्यातच येत असे.

त्या नकाशातला सगळाच विचार फेंडर यांचा नव्हता. व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपन्या आपला माल कसा वापरावा याची पुस्तकं छापत, त्यांत नमुन्याचे नकाशे असत. फेंडरचे नकाशे त्या पाठांवरच उभे आहेत. कित्येक जुन्या फेंडर अ‍ॅम्पवर तर अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ आणि वेस्टर्न इलेक्ट्रिक या कंपन्यांच्या पेटंटखाली परवाना घेतल्याचं छापलेलं आहे. टेलिफोनच्या तारांवर माणसाचा आवाज दूरवर पोचवण्यासाठी केलेल्या संशोधनातून गिटारचा अ‍ॅम्प निघाला. ज्याला आपण ‘मूळ’ म्हणतो, त्याच्याही मागे आणखी कोणाचं तरी मूळ आहे.

फुलर्टनच्या कारखान्यात हे भाग जोडण्याचं काम मोठ्या प्रमाणावर स्त्रिया करत. त्यांतल्या बऱ्याच जणी मेक्सिकन वंशाच्या. सांगाड्याच्या आत चिकटपट्टीच्या तुकड्यावर जोडणारणीचं पहिलं नाव लिहिलेलं कित्येक जुन्या अ‍ॅम्पमध्ये सापडतं. मित्राच्या अ‍ॅम्पमध्येही कोपऱ्यात असा एक तुकडा होता. शाई उडालेली, पण नाव बाईचं आहे एवढं वाचता येत होतं. काकांनी चष्मा कपाळावर सरकवून ते बराच वेळ पाहिलं. “हात चांगला होता बाईचा,” ते म्हणाले. “साठ वर्षांत एक डाग सुटला नाही.”

एका नकाशाचा प्रवास

या घराण्यातला सगळ्यात नावाजलेला नकाशा डिलक्स रिव्हर्बच्या आधीचा आहे. १९५१मध्ये फेंडरनं विजेवर चालणारी बेस गिटार आणली. तिचा खर्ज पेलायला १९५२मध्ये ‘बेसमन’ नावाचा अ‍ॅम्प आला, सुरुवातीला पंधरा इंची एका स्पीकरचा. पुढे त्यात दहा इंची चार स्पीकर आले आणि १९५८ ते १९६० या काळात त्याचा जो नकाशा तयार झाला, त्याला ‘५एफ६-ए’ म्हणतात. शक्ती सुमारे चाळीस वॅट. बेसवाल्यांसाठी बनवलेला हा अ‍ॅम्प गिटारवाल्यांनीच उचलला, कारण जोरात वाजवला की त्याचा आवाज जाड होई आणि बोटांच्या दाबाप्रमाणे बदले.

इंग्लंडमधल्या तरुण वादकांना हे अमेरिकन अ‍ॅम्प हवे होते. पण युद्धानंतर बरीच वर्षं आयातीवर निर्बंध होते, आणि ते उठल्यावरही किंमत आवाक्याबाहेर. पश्चिम लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल नावाच्या ड्रमशिक्षकांनी १९६०मध्ये वाद्यांचं दुकान काढलं होतं. त्यांच्याकडे ड्रम शिकायला येणाऱ्या मुलांबरोबर त्यांचे गिटारवाले मित्रही येत आणि तक्रार करत. मार्शल यांनी दुकानातले दुरुस्तीचे जाणकार केन ब्रॅन आणि तरुण तंत्रज्ञ डडली क्रेव्हन यांना कामाला लावलं. समोर बेसमन ठेवला आणि १९६२मध्ये त्यावरून ‘जेटीएम ४५’ तयार केला. जेटीएम म्हणजे जिम आणि त्यांचा मुलगा टेरी मार्शल.

नकाशा जवळजवळ तोच. पण भाग इंग्लंडमध्ये जे मिळतील ते. अमेरिकन ट्रान्सफॉर्मरच्या जागी इंग्रजी ट्रान्सफॉर्मर, पहिल्या खाचेत जास्त जोमाचा व्हॉल्व्ह, पुढे शक्तीसाठी केटी-६६ जातीचे मोठे व्हॉल्व्ह. जेन्सनच्या दहा इंची स्पीकरऐवजी सेलेश्चनचे बारा इंची. एकटा स्पीकर एवढी शक्ती सोसेना, म्हणून एका पेटीत चार बसवले आणि पेटीची पाठ बंद केली. बेसमनची पाठ उघडी होती. या सगळ्या फरकांमुळे नक्कल मूळच्यासारखी वाजलीच नाही. ती अधिक दाट आणि अधिक आक्रमक वाजली.

पुढचं सर्वांना माहीत आहे. १९६६मध्ये, म्हणजे मित्राचा अ‍ॅम्प फुलर्टनला जोडला जात होता त्याच वर्षी, लंडनच्या डेक्का स्टुडिओत एरिक क्लॅप्टन यांनी जॉन मेयॉल यांच्या ‘ब्लूज ब्रेकर्स’बरोबर एक अल्बम वाजवला. मार्शलचा अ‍ॅम्प त्यांनी मंचावर वाजवतात तेवढ्याच जोरात लावला आणि कमी करायला नकार दिला. त्या अल्बममुळे त्या जातीच्या अ‍ॅम्पला ‘ब्लूजब्रेकर’ हेच नाव पडलं. रॉक संगीताचा ओळखीचा आवाज घडवण्यात एका नकलेचा असा वाटा आहे, आणि ती नक्कल करणाऱ्यांनी हाती असलेल्या भागांशी प्रामाणिक राहून केली होती.

आवाज फुटतो तेव्हा

हे ‘जाड होणं’ म्हणजे काय, ते काकांनी मला मीटरच्या काट्यावर दाखवलं. व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून टाकलेली काचेची नळी. आत एक तार तापते, तिच्या उष्णतेनं कॅथोडवरून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या पत्र्याकडे धावतात. मध्ये एक जाळी असते. गिटारच्या तारांमधून आलेला दुबळा संदेश त्या जाळीवर येतो आणि धावणाऱ्या मोठ्या प्रवाहाला आपल्या तालावर कमी-जास्त करतो. लहान हातानं मोठा दरवाजा उघडावा तसं.

पण दरवाजा पूर्ण उघडला की त्याच्यापुढे तो उघडत नाही. तार जोरात छेडली की लहरीचं शिखर दबतं, सपाट होतं आणि मूळ सुरात नसलेले वरचे स्वर त्यात मिसळतात. व्हॉल्व्हमध्ये हे दबणं हळूहळू होतं, म्हणून ते कानाला बोचत नाही. शिवाय डिलक्स रिव्हर्बमध्ये विजेची दिशा सरळ करायलाही व्हॉल्व्हच आहे आणि ट्रान्सफॉर्मर बेताचा. जोरात वाजवलं की वीजपुरवठा क्षणभर खाली वाकतो आणि मग सावरतो. त्यामुळे स्वर आधी दबल्यासारखा होतो आणि नंतर फुलतो. वादकाला बोटांखाली हे कळतं. अ‍ॅम्प त्याच्याशी बोलल्यासारखा वागतो.

अभियंत्यांच्या भाषेत हा दोष होता. फेंडर यांनाही स्वच्छ आवाज हवा होता. दोषाला सौंदर्य ठरवलं ते वादकांनी. १९५१मध्ये मेम्फिसमध्ये ‘रॉकेट ८८’ हे गाणं मुद्रित होताना गिटारवादक विली किझार्ट यांच्या अ‍ॅम्पचा स्पीकर वाटेत बिघडलेला होता. त्यात कागद कोंबून वाजवलं आणि तो खरखरीत आवाज तसाच ठेवला. १९६४मध्ये लंडनच्या ‘किंक्स’मधल्या डेव्ह डेव्हिस यांनी आपल्या छोट्या अ‍ॅम्पच्या स्पीकरचा पडदा ब्लेडनं चिरला.

आपल्याकडच्या कानांना हे परकं वाटू नये. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावतात, तेव्हा आपणही निव्वळ स्वच्छ सूर नाकारतो. तार घोडीला किंचित घासते आणि त्या घासण्यातून स्वरांचा झरा उठतो. धागा केसभर इकडे तिकडे झाला की सूर मुका तरी होतो किंवा कर्कश तरी. मिरजेच्या कारागिराचा हात तेवढ्या जागेत काम करतो. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पचा आवाजाचा खुंटा फिरवताना गिटारवादक हीच जागा शोधत असतो.

पुन्हा काढलेली आवृत्ती

५ जानेवारी १९६५ रोजी सीबीएस या प्रसारण कंपनीनं फेंडर विकत घेतल्याचं जाहीर झालं. किंमत एक कोटी तीस लाख डॉलर. पुढच्या वर्षांत नकाशे बदलले, आवाज अधिक स्वच्छ करण्याकडे कल गेला आणि वादक ‘सीबीएसच्या आधीचा’ माल शोधू लागले. जुन्याला भाव येण्याची सुरुवात इथून झाली. मित्राचा अ‍ॅम्प १९६६चा, म्हणजे नव्या मालकांच्या काळातला. तरी त्याचा नकाशा जुनाच, ‘एबी७६३’. काळी पट्टी जाऊन चंदेरी पट्टी आली ती १९६७-६८च्या सुमारास. अक्षरांच्या शिक्क्यावरून भाव ठरवणाऱ्यांनी कधी कधी आत काय आहे तेही पाहावं.

१९८५मध्ये सीबीएसनं फेंडर कंपनी तिथल्याच लोकांच्या हाती दिली. नव्या कंपनीनं १९९०मध्ये १९५९च्या बेसमनची आवृत्ती पुन्हा काढली आणि लवकरच १९६५च्या ट्विन रिव्हर्बची आणि डिलक्स रिव्हर्बची. मार्शलनं ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस जेटीएम ४५ आणि ब्लूजब्रेकर परत आणले. इंग्लंडमधल्या व्हॉक्स अ‍ॅम्पचं नाव १९९२मध्ये जपानच्या कॉर्ग कंपनीनं घेतलं आणि डार्टफर्डच्या कारखान्यात एकेकाळी जन्मलेला एसी-३० नव्यानं बाजारात आला. गेली पस्तीस वर्षं हे चालू आहे. वीस वर्षांच्या मुलानं आजोबांच्या तरुणपणातला अ‍ॅम्प दुकानातून नवा कोरा घ्यावा, हे आता रोजचं झालं आहे.

माझ्याकडे अशीच एक आवृत्ती आहे: ‘६५ डिलक्स रिव्हर्ब’. तो अ‍ॅम्पही मी काकांकडे नेला, कारण वाजता वाजता त्याचा आवाज मध्येच बसायचा. दोन्ही सांगाडे शेजारी शेजारी उलटे ठेवले. बाहेरून जुळे भाऊ. तीच काळी पट्टी, तेच खुंटे, तोच लाल मणी, मागच्या बाजूला तेच नऊ व्हॉल्व्ह. आतून मात्र दोन वेगळी घरं. नव्याच्या पोटात पितळी भोकं नाहीत, कापडी वायरी नाहीत. हिरवट छापील पाटी आहे, तिच्यावर यंत्रानं रोवलेले बारीक भाग आणि व्हॉल्व्हची बैठकही पाटीवरच बसवलेली. व्हॉल्व्ह तापतो, पाटी तापते, गार होते, पुन्हा तापते. वर्षानुवर्षांच्या या आकसण्या-फुगण्यात एका बैठकीच्या पायाशी डागाला केसासारखी चीर गेली होती. काकांनी भिंग धरून ती दाखवली. ती नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हती. दुरुस्तीला पाच मिनिटं लागली, पण तिथवर पोचायला अख्खी पाटी सोडवावी लागली आणि त्यात दुपार गेली.

“वाईट नाहीये हा,” काका म्हणाले. “नकाशा खरा आहे. पण याला उघडायचा विचार करून बनवलेला नाही.”

छापील पाटी म्हणजे फसवणूक नव्हे, हे मला इथे स्पष्ट लिहायचं आहे. तिच्यामुळेच हा नकाशा माझ्यासारख्या मध्यमवर्गीय माणसाच्या घरात येऊ शकला. हातानं जोडलेल्या आवृत्त्याही कंपन्या काढतात, त्यांची किंमत बरीच जास्त असते. आणि आवाजाचं म्हणाल, तर पुढे एकदा आम्ही प्रयोग केला. मित्राला खिडकीकडे तोंड करून बसवलं आणि मी एकच गिटार आलटून पालटून दोन्ही अ‍ॅम्पवर वाजवली. दहापैकी सहा वेळा त्यानं बरोबर ओळखलं. नाणं उडवून सांगितलं असतं तरी एवढं यश मिळू शकलं असतं. त्याचं तोंड क्षणभर उतरलं, मग तो हसला आणि म्हणाला, “म्हणजे तुझाही चांगलाच वाजतो की रे.”

आवाज येतो, हे आम्ही कानांनी मान्य केलं. मग काय येत नाही? त्याचं उत्तर काकांच्या टेबलावर मिळालं होतं. फेंडर यांनी अ‍ॅम्प बनवताना पुढच्या दुरुस्तीवाल्यासाठी जागा सोडली होती. तो कोण असेल, कुठल्या देशात असेल हे त्यांना माहीत नव्हतं, तरी त्याचा हात कुठे पोचेल याचा विचार त्यांनी केला होता. जुन्या अ‍ॅम्पमधला मला सगळ्यात मोलाचा वाटलेला भाग तो आहे.

बंगळूरची काच

माझ्या घाईनं जे नुकसान झालं ते नेमकं असं: फ्यूज उडाला, वीज सरळ करणारा व्हॉल्व्ह गेला आणि पुरवठ्याचे मोठे कंडेन्सर फुगले. ट्रान्सफॉर्मर वाचला. “फ्यूज योग्य होता म्हणून. कोणी चांदीची पट्टी गुंडाळून ठेवली असती तर संपलं होतं,” काका म्हणाले. कंडेन्सर तसेही आयुष्य संपलेले होते. आतला द्रव सुकतो, दहा-वीस वर्षांत ते दमतात आणि अ‍ॅम्प घूं घूं करू लागतो. ते बदलले म्हणून अ‍ॅम्प ‘बाटला’ असं मानणारे संग्राहक आहेत. काकांनी दोन पिनांची मूळ वायर काढून तीन पिनांची, अर्थिंग असलेली वायर लावली आणि मुख्य विजेपासून सांगाड्याला जोडलेला एक लहान कंडेन्सर कापून टाकला. हा कंडेन्सर बिघडला तर अख्खा सांगाडा आणि गिटारच्या तारा जिवंत होतात. जुनं जपायचं म्हणून वाजवणाऱ्याचा जीव धोक्यात घालणं कोणत्याच परंपरेत बसत नाही.

व्हॉल्व्ह मिळवणं हे वेगळंच काम. आज गिटारच्या अ‍ॅम्पचे व्हॉल्व्ह मुख्यतः तीन देशांत बनतात. रशियात सारातोव्हला, स्लोव्हाकियात चादत्साला आणि चीनमध्ये. मार्च २०२२मध्ये, युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर, रशियानं निर्यातीवर बंधनं आणली, तेव्हा काही आठवड्यांत जगभर किमती उसळल्या. एका कारखान्याच्या दारावर एवढ्या वादकांचा आवाज अवलंबून आहे. आमचा व्हॉल्व्ह स्लोव्हाकियाचा आला, तीन आठवड्यांनी.

वाट पाहत होतो तेव्हा काकांनी पलंगाखालून पुठ्ठ्याचं एक खोकं ओढलं. वर्तमानपत्राच्या तुकड्यांत गुंडाळलेले व्हॉल्व्ह. काचेवर तीन अक्षरं: बीईएल. भारत इलेक्ट्रॉनिक्स, १९५४मध्ये स्थापन झालेला बंगळूरचा सरकारी कारखाना. साठच्या दशकात आपल्या घराघरांतल्या रेडिओंना लागणारे व्हॉल्व्ह तिथे बनत. ईएल-८४ हा त्यांतला एक. दिवाणखान्यातल्या रेडिओत बातम्या ऐकवणारा हाच व्हॉल्व्ह इंग्लंडमध्ये व्हॉक्स एसी-३०मध्ये चार-चारच्या संचात बसत होता, त्याच एसी-३०मध्ये, ज्याच्यावर ‘शॅडोज’चे हँक मार्विन वाजले आणि बीटल्स वाजले. आज परदेशातले गिटारवाले बंगळूरचे न वापरलेले जुने व्हॉल्व्ह शोधून विकत घेतात.

काकांनी एक लहान व्हॉल्व्ह निवडला, ईसीसी-८३. अमेरिकेत त्यालाच १२एएक्स७ म्हणतात. “पहिल्या खाचेतला तुझा खरखरतोय. हा घाल. कधीचा ठेवलाय, कामाला येऊ दे.” पैसे विचारले तर हातानंच नको म्हणाले.

दहा किलोंचं उत्तर

हे लिहिताना आजच्या वादकाची बाजू मी विसरलेलो नाही. मुंबईत कार्यक्रमाला जाणारी मुलं लोकलनं जातात, चौथ्या मजल्यावर राहतात, शेजारी कामावरून दमून आलेले असतात. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प फुलायला जेवढा आवाज लागतो तेवढा त्यांना घरात करताच येत नाही. म्हणून ते पाठीवरच्या पिशवीत मावणारी डिजिटल पेटी वापरतात. तिच्यात जुन्या अ‍ॅम्पची वागणूक गणितानं बसवलेली असते. फेंडरनं स्वतः २०१९मध्ये ‘टोन मास्टर’ नावानं असा डिलक्स रिव्हर्ब काढला. त्यात एकही व्हॉल्व्ह नाही. बावीस वॅटच्या जुन्या अ‍ॅम्पचा दाब आणि फुलोरा दाखवण्यासाठी आत शंभर वॅटची डिजिटल शक्ती लागते, आणि वजन सुमारे साडेदहा किलो. जुन्याच्या जवळपास निम्मं.

ती पेटी मी वाजवून पाहिली. छान वाजते. ज्याची पाठ वाचली, ज्याला रात्री सराव करता आला, त्याच्यासाठी तिचं मोल मी कमी लेखणार नाही. फक्त तिच्यातली एखादी चिप बिघडली तर गिरगावातल्या त्या टेबलाला तिच्यात हात घालायला जागा नाही. नवे अ‍ॅम्प बनवणाऱ्यांकडे माझं मागणं एवढंच आहे. आत पाटी असो वा पितळी भोकं, व्हॉल्व्ह असो वा गणित, नकाशा आत चिकटवा. बोल्ट काढल्यावर हात पोचेल एवढी जागा ठेवा. पन्नास वर्षांनी तुमची आवृत्ती कोणाला पुन्हा काढावीशी वाटली, तर तिला उघडून शिकता आलं पाहिजे. हॅनवेलच्या दुकानात बेसमन उघडता आला नसता तर मार्शल झालाच नसता.

शेवटचा दिवस

एप्रिलच्या एका दुपारी मित्र आणि मी गिरगावात गेलो. सांगाडा अजून खोक्याबाहेरच, उलटा. काकांनी आधी स्टेप-डाऊन लावून शंभर वॅटचा बल्ब मालिकेत जोडला. आत कुठे शॉर्ट असेल तर सगळा जोर बल्बवर जाईल आणि तो लख्ख पेटेल. बल्ब भपकन उजळला, मग मंदावला आणि लालसर होऊन स्थिर राहिला. काकांनी मान डोलावली, बल्ब काढला, स्टेप-डाऊनची वायर स्वतःच्या हातानं पुन्हा जोडली आणि माझ्याकडे एकदा पाहिलं.

व्हॉल्व्हच्या तळाशी नारिंगी ठिपके उमटले. अर्धा मिनिट कोणी बोललं नाही. व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबावं लागतं, त्याला घाई चालत नाही. मग मित्रानं दुसरी कळ वर केली, गिटारची एक तार छेडली आणि आवाज आला. आधी किंचित दबलेला, मग भरत जाणारा. रिव्हर्बच्या स्प्रिंगमधून तो चाळीच्या गॅलरीत पसरला. शेजारच्या दारातून एका आजींनी डोकावून पाहिलं आणि त्या तिथेच उभ्या राहिल्या. मित्र वाजवत राहिला. त्याला ‘मला माफ कर’ म्हणायचं माझ्या मनात होतं. त्याच्याकडे पाहिलं आणि ते म्हणायची गरज उरली नव्हती.

सांगाडा खोक्यात परत बसवण्याआधी काकांनी पांढऱ्या चिकटपट्टीचा एक तुकडा फाडला. फुलर्टनच्या त्या बाईच्या नावाशेजारी, पण त्याला झाकणार नाही असा तो चिकटवला आणि बॉलपेननं बारीक अक्षरांत लिहायला लागले. कुठले कंडेन्सर बदलले, किती मायक्रोफॅरडचे, कुठला व्हॉल्व्ह कुठला, मागून काय कापून टाकलं, आणि तारीख. स्वतःचं नाव त्यांनी लिहिलं नाही. मी म्हटलं, “काका, नाव?”

“नाव कशाला?” ते म्हणाले. “काय केलंय ते लिहिलंय. पुढचा उघडेल त्याला तेवढं पुरे.”

मी पेन मागून घेतलं आणि तारखेपुढे एक शब्द जोडला: गिरगाव. मग आम्ही चार बोल्ट आवळले.